ताईची टपालपेटी : सोऱ्यातली चकती

माझ्या छोट्या दोस्तांनो,

दर आठवड्याला मी टपालपेटी उघडते आणि चार-पाच पत्रांना थोडी थोडी उत्तरं देते. आज तसं करणार नाहीये. आज एकाच पत्राला सगळं पान देतेय. ज्यांची पत्रं मागे राहिली त्यांनी रुसू नका, पुढच्या आठवड्यात तुमचा नंबर.

पत्र नाशिकहून आलंय, गंगापूर रोडवरून. लिहिणारी नववीत आहे. 'नाव छापू नकोस' असं तिनं तीनदा लिहिलंय आणि खाली लाल शाईनं रेघ ओढलीय, म्हणून नाव नाही. बाकी पत्र तिच्याच शब्दांत वाचा :

"ताई, माझे केस भयंकर कुरळे आहेत. वर्गात मला मॅगी म्हणतात. त्याचं काही नाही, सवय झालीय. पण या वर्षी स्नेहसंमेलनात आमचं पंचवटीवर नाटुकलं होतं. बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मला शूर्पणखा केलं. म्हणाल्या, हिला विग लागणार नाही, तेवढाच खर्च वाचला. सगळे हसले. मीपण हसले. घरी येऊन रडले. आता मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे. मावशी म्हणते, पैसे मी देते, केस कायमचे सरळ करून घे, फोटो छान येतील. आई म्हणते, मुळीच नाही. बाबा म्हणतात, तुम्ही दोघी काय ते ठरवा. मी काय करू? तू हो म्हणालीस तर आई ऐकेल. ती तुझं पान वाचते."

बघा, कसं मला कात्रीत पकडलंय! इकडे मावशी, तिकडे आई.

आधी त्या शूर्पणखेचं बघू, कारण माझ्या मते पत्रातलं खरं दुखणं तिथं आहे. नाशिककरांना पंचवटी काही नवी नाही. शूर्पणखेचं नाक इथंच कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, ही गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकलेलीच असेल. पण वाल्मीकींनी अरण्यकांडात तिच्या केसांचं वर्णन काय केलंय, ठाऊक आहे? तिचे केस तांब्याच्या रंगाचे होते, असं. कुरळे होते असं तिथं म्हटलेलं नाही. उलट महाभारताच्या आदिपर्वात द्रौपदी यज्ञातून प्रकट होते, तेव्हा तिचे केस काळेभोर आणि कुरळे आहेत असं व्यासांनी लिहून ठेवलंय. म्हणजे विगचा खर्च वाचवायचाच होता, तर बाईंनी 'द्रौपदी स्वयंवर' बसवायला हवं होतं! बुद्धमूर्ती घडवणाऱ्या शिल्पकारांनीही डोक्यावर गोगलगाईच्या शंखासारख्या बारीक कुरळ्या बटा कोरल्या. पुढच्या वेळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढाल तेव्हा तिथल्या बुद्धमूर्तींच्या डोक्याकडे मुद्दाम बघा. (लेणी पांडवांची नाहीत बरं का. ती बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला घेतलेली. नाव तेवढं पांडवांचं चिकटलं.)

हे मी तुझी समजूत काढायला सांगत नाहीये. कुरळे केस म्हणजे राक्षसाचे, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. ते आपल्या डोळ्यांना लागलेलं वळण आहे, एवढंच.

आता केसांकडे वळू. इथं थोडं विज्ञान येणार आहे, पण घाबरू नका, सगळं दिवाळीच्या फराळातलं आहे.

सोऱ्या पाहिलाय ना? त्यात काटेरी भोकाची चकती बसवली की चकली पडते आणि बारीक गोल भोकांची बसवली की शेव. पीठ कुठलंही घ्या, आकार ठरवते ती चकती. आपल्या डोक्यावर असे सुमारे एक लाख सोरे आहेत. प्रत्येक केस कातडीखालच्या एका इवल्याशा पिशवीतून वर येतो. पिशवी सरळ आणि केसाचा छेद गोल, तर केस सरळ. पिशवी वाकडी आणि छेद चपटा, लंबगोल, तर केस वळणं घेत बाहेर पडतो. हा आकार आपल्याला आई-बाबांकडून मिळतो. (त्यामुळे 'तुम्ही दोघी ठरवा' म्हणून सुटणाऱ्या बाबांच्या शाळेतला फोटो एकदा अल्बममधून शोधून काढ. बऱ्याच घरांत कोडं तिथंच सुटतं. आता त्यांच्या डोक्यावर पुरावा शिल्लक असो वा नसो!)

पार्लरमध्ये जे काही करतात ते बाहेर पडलेल्या चकलीवर. आतली चकती कुणी बदलत नाही. म्हणून 'कायमचे सरळ' हे शब्द अर्धे खरे आणि अर्धे खोटे आहेत. जेवढे केस सरळ केले तेवढे कायमचे सरळ राहतात. पण मुळातून येणारा प्रत्येक नवा केस पुन्हा कुरळाच येतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. चार महिन्यांत वरचे चार सेंटिमीटर कुरळे आणि खालचे केस सरळसोट! दोन वेगवेगळ्या मुलींचे केस एकाच डोक्यावर लावल्यासारखे दिसतात. मग एक तर ते तसे मिरवायचे, नाही तर पुन्हा पार्लर गाठायचं.

पण केस सरळ होतात तरी कसे? केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. नखंही त्याचीच आणि गाईची शिंगंसुद्धा. केराटिनचे लांब धागे एकमेकांना दोन प्रकारच्या टाक्यांनी जोडलेले असतात. एक कच्चा धावदोरा आणि दुसरी पक्की शिलाई, असं समजा. धावदोरा पाण्यानं सुटतो आणि वाळल्यावर पुन्हा बसतो. ओले केस ताणून गरम हवेनं वाळवले किंवा केसांवर इस्त्री फिरवली की ते सरळ दिसतात, ते याच धावदोऱ्यामुळे. मग जूनमध्ये पहिला पाऊस येतो, हवा दमट होते आणि दुपारपर्यंत केस आपल्या मूळ वळणावर जातात. गणवेशाची कडक इस्त्री कशी पावसात मोडते, अगदी तसं.

पक्की शिलाई मात्र गंधकाची. (केस जळला की जो उग्र वास सुटतो ना, त्यात या गंधकाचाही हात असतो.) ही शिलाई पाण्याला दाद देत नाही. ती उसवायला रसायन लागतं. रिबॉण्डिंग किंवा स्मूदनिंग म्हणतात त्यात आधी एक क्रीम लावतात. त्यात बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. त्यानं गंधकाचे टाके उसवतात. मग केस धुऊन, वाळवून, पाणी उकळतं त्याहून कितीतरी जास्त तापलेल्या इस्त्रीनं बट न् बट सपाट करतात. शेवटी दुसरं द्रावण लावतात, साधारणपणे हायड्रोजन पेरॉक्साइडचं. त्यानं टाके नव्या सरळ जागी पुन्हा बसतात.

सगळे मात्र बसत नाहीत. काही उसवलेले ते उसवलेलेच राहतात. तुमच्यापैकी ज्यांची आई शिवणकाम करते त्यांना विचारा. एकच शिवण तीनदा उसवून शिवली की कापडाचं काय होतं?

गंमत म्हणजे हेच रसायन सरळ केस कुरळे करायलाही वापरतात. केस इस्त्रीखाली घालायच्या ऐवजी गोल नळ्यांवर गुंडाळायचे, बस्स! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कार्ल नेस्लर नावाच्या जर्मन केशकर्त्यानं सरळ केसांना कायमच्या लाटा आणायचं तंत्र काढलं. त्यासाठी तो केस विजेवर तापवायचा. प्रयोग केले बायकोच्या केसांवर. पहिल्या दोन वेळा तिचे केस जळाले! तरी ती तिसऱ्यांदा बसली, याचं मला जास्त नवल वाटतं.

आता माझं सांगते. मला विचारतेयस म्हणजे तुला कुठून तरी कळलेलं दिसतंय की माझेही केस कुरळे आहेत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ते सरळ करून घेतले. पार्लर कुठलं ते सांगत नाही, त्याला आता बरीच वर्षं झाली. पाच तास खुर्चीत बसले होते. नंतर तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागेसुद्धा टाकायचे नाहीत. मी बाहुलीसारखी मान ताठ धरून वावरत होते.

आणि खोटं कशाला सांगू? पहिले तीन महिने मी फार आनंदात होते. कंगवा वरून खाली एका झटक्यात जायचा. आयुष्यात पहिल्यांदा! मैत्रिणी म्हणाल्या, कसली वेगळी दिसतेस. स्कूटरवरून उतरले तरी केस जागच्या जागी. म्हणून जे लोक मुलींना सांगतात की 'छे, काय मिळणार आहे त्यातून', त्यांचं मला पटत नाही. मिळतं. जे मिळतं ते खरं असतं.

पण पाचव्या महिन्यात मुळं कुरळी दिसायला लागली. पुन्हा गेले. वर्षानं तिसऱ्यांदा गेले. या वेळी क्रीम जुन्या, आधीच सरळ केलेल्या केसांवरही लागलं. घरी येऊन चौथ्या दिवशी डोकं धुतलं आणि न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका. गळलेले नव्हेत, तुटलेले. बोटभर लांबीचे तुकडे. पार्लरमधल्या बाई म्हणाल्या, तुमच्या घरचं पाणी खराब असेल. शेवटी सगळे कापून टाकले, अगदी मुलासारखे. आजीनं पाहिलं आणि काही बोलली नाही. नुसता डोक्यावरून हात फिरवला आणि तेलाची वाटी घेऊन बसली. लावायला केस उरले होते कुठे?

माझं असं झालं म्हणून तुझंही होईल असं नाही. एकदाच, नीट हातानं, चांगल्या केसांवर केलेल्या कित्येकजणींचं काही बिघडत नाही. पण मला एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती, ती तुला सांगते. हा एकदाचा निर्णय नसतो. परत माघारी यायचं तर सरळ केलेला भाग कापायलाच लागतो. तुझे केस कमरेपर्यंत असतील, समज साठ सेंटिमीटर. महिन्याला एक या हिशेबानं पूर्ण नवे केस यायला पाच वर्षं. आत्ता नववीत आहेस. म्हणजे दहावी, अकरावी, बारावी होऊन तू कॉलेजात गेलेली असशील, तेव्हा कुठे आजचा निर्णय डोक्यावरून उतरेल.

आणखी एक. वयात येताना केसही बदलतात. कुणाचे जास्त कुरळे होतात, कुणाचे कमी. तुझे केस शेवटी कसे असणार आहेत ते अजून तुझ्या केसांनीच ठरवलेलं नसेल!

हा पुढचा भाग आई-बाबांनी आणि विशेषतः मावशीनं वाचावा.

हल्ली 'रिबॉण्डिंग नको, केराटिन करून घे, ते नैसर्गिक असतं' असं सांगतात. नाव ऐकून वाटतं, केसांना खाऊच घालतायत. पण केस सरळ होतात ते नुसत्या केराटिनमुळे नाही. अशा कित्येक उत्पादनांत फॉर्मॅल्डिहाइड निघालंय, किंवा तापवल्यावर त्याचा वायू सोडणारी द्रव्यं. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्यात ठेवतात ते फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं हेच फॉर्मॅल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या यादीत घातलं. इस्त्री फिरवताना डोळे चुरचुरले, नाका-घशात झोंबलं, तर 'थोडं सहन कर' हे ऐकायचं नाही, उठून बाहेर मोकळ्या हवेत यायचं. तिथं दिवसभर काम करणाऱ्या मुलींच्या नाकात तर ते रोज जातं. त्यांचा विचार कुणी करत नाही.

मग कंपन्यांनी बाटलीवर 'फॉर्मॅल्डिहाइडविरहित' छापायला सुरुवात केली. त्यातल्या काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं. मार्च 2024 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी ट्युनिशियातल्या एका 26 वर्षांच्या तरुणीची हकिगत मांडली. तिनं 2020, 2021 आणि 2022 मध्ये केस सरळ करून घेतले आणि तीनही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. आधी तिला मूत्रपिंडाचा कुठलाच आजार नव्हता. क्रीममधलं हे आम्ल डोक्याच्या कातडीतून शरीरात जातं आणि मूत्रपिंडात खड्यांसारखे स्फटिक साठतात, असं डॉक्टरांनी उंदरांवर तपासून दाखवलं. उपचारानंतर डोक्याची कातडी जळजळली आणि मागोमाग उलट्या, ताप, पाठदुखी सुरू झाली, तर थेट डॉक्टरकडे जावं आणि केसांना काय लावलं होतं ते आवर्जून सांगावं.

2022 मध्ये अमेरिकेतही एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. 33 हजारांहून जास्त बायकांची जवळपास 11 वर्षं नोंद ठेवली होती. केस सरळ करणारी उत्पादनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. कधीच न वापरणाऱ्यांत सत्तर वर्षांपर्यंत शंभरात दीडेक, तर यांच्यात शंभरात चार. या उत्पादनांमुळेच तो झाला असं यातून सिद्ध होत नाही, आणि या बायका 35 ते 74 वयाच्या होत्या. घाबरून जायचं कारण नाही. पण चौदाव्या वर्षी सुरुवात केली तर 'चारपेक्षा जास्त वेळा'ची यादी किती लांब जाईल, याचा हिशेब मोठ्यांनी तरी करायला हवा.

फार गंभीर झालं का? बरं, एक मजेदार माणूस भेटवते. गॅरेट मॉर्गन, अमेरिकेतला काळा शिवणयंत्र दुरुस्तीवाला. शिलाईच्या वेगानं सुई इतकी तापायची की लोकरीचं कापड करपायचं. म्हणून तो सुईला लावायचं एक द्रावण बनवत होता. एकदा हात पुसले कापडाला आणि पाहतो तो कापडावरची लव सरळ झालेली! त्यानं ते द्रावण शेजाऱ्याच्या कुरळ्या केसांच्या कुत्र्याला लावून पाहिलं. म्हणतात की कुत्र्याला मालकानंच ओळखलं नाही! मग थोडं थोडं स्वतःच्या डोक्याला लावलं आणि 1913 च्या सुमारास केस सरळ करायचं क्रीम विकायला काढलं. याच मॉर्गननं धुरात शिरण्यासाठी श्वासाचा मुखवटा बनवला आणि 1923 मध्ये रहदारीच्या सिग्नलचं पेटंट मिळवलं.

त्याचं क्रीम कोण घेत होतं? त्याच्यासारखेच कुरळ्या केसांचे काळे लोक. सरळ केस म्हणजे 'व्यवस्थित' आणि कुरळे म्हणजे 'गबाळे', असं नोकरी देणारे आणि शाळा चालवणारे मानत होते. ती समजूत इतकी चिवट निघाली की 2019 मध्ये कॅलिफोर्निया राज्याला चक्क कायदा करावा लागला : नैसर्गिक केसांवरून कुणाला शाळेत वा कामावर वेगळं वागवायचं नाही. नाशिकच्या एका वर्गातलं 'मॅगी' आणि तिकडचा कायदा यात अंतर फार आहे हे कबूल. पण मूळ एकच.

आता आपल्या इथला एक कुरळ्या केसांचा मुलगा सांगते. फेब्रुवारी 1988 मध्ये मुंबईत हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी 664 धावांची भागीदारी केली. विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर. त्या काळातला सचिनचा फोटो बघा, डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं! लहानपणी तो टेनिसपटू जॉन मॅकेन्रोचा इतका भक्त होता की त्याच्यासारखे केस वाढवून कपाळाला पट्टी बांधून फिरायचा. म्हणजे एकाला जे केस लपवावेसे वाटतात ते दुसरा मुद्दाम वाढवतो. अलीकडचं नाव हवं असेल तर मिथिला पालकर. 'मुरांबा' पाहिला असेल तुझ्या आईनं. तिच्या केसांवरूनच लोक तिला ओळखतात.

आता तुझं उत्तर. मी हो म्हणत नाहीये.

पण आईसारखं 'मुळीच नाही' पण म्हणत नाहीये. माझं मत असं की अठरा पूर्ण होईपर्यंत रसायन नको. त्यानंतर तुला तेव्हाही सरळ केस हवेसे वाटले, तर वरचं सगळं माहीत असताना खुशाल कर, मी नावं ठेवणार नाही. सरळ केस आवडणं हा काही गुन्हा नाही. मात्र शूर्पणखा केलं म्हणून करू नकोस. बाईंचं ते वाक्य केस सपाट झाल्यानं पुसलं जाणार नाही. त्यासाठी बाईंशीच बोलायला हवं. मधल्या सुट्टीत एकटीनं जा आणि सांग, "बाई, विगबद्दल तुम्ही म्हणालात ते मला लागलं." एवढंच पुरे. बहुतेक वेळा शिक्षकांना पत्ताच नसतो.

आईला माझी विनंती : 'मुळीच नाही'च्या पुढे कारण सांगा. आणि केस विंचरताना 'काय हे सुगरणीचं घरटं' असं म्हणत असाल तर ते थांबवा. रोज सकाळी घरटं ऐकणारी मुलगी इस्त्री मागणारच.

लग्नासाठी दुसरा मार्ग आहे. हळदीच्या दिवशी केस नुसते ताणून वाळवून घे, रसायन नाही, फक्त वारा आणि बेताची उष्णता. एक दिवस उसने सरळ केस. आरशात बघ, फोटो काढ, मावशीची हौस भागव. धुतले की परत. आणि लग्नाच्या दिवशी तुझे स्वतःचे केस. दोन्ही फोटो शेजारी ठेवून मग काय वाटतं ते बघ.

आणि हो, तुझे केस 'भयंकर' दिसतात ना, त्याचं अर्धं कारण कंगवा असणार. कुरळे केस कोरडे असताना विंचरले की बटा फुटतात आणि झाडू होतो. ते ओले असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून वर वर येत सोडवायचे. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. बाबांचा जुना मऊ सुती बनियन घेऊन नुसते दाबायचे. रोज डोकं धुवायचं नाही. आणि स्वयंपाकघरात जवस असतील ना, चटणीचे? दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचे. अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं दाटसर झालं की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळायचं, गार झाल्यावर मग गाळायला गेलं तर हलतच नाही. हा काम मोठ्या माणसाला सोबत घेऊन कर, हात भाजतो. थंड झालेला तो चिकट गर ओल्या केसांना लावून बटा मुठीत धरून वर दाबायच्या आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. उरलेला फ्रिजमध्ये ठेव, आठवड्यात संपव. घरात कुणी तो चुकून रबडी समजून खाल्ला तर माझं नाव सांगू नकोस.

लग्न झालं की पत्र टाक, केस कसेही असोत. बाई काय म्हणाल्या तेही कळव. फक्त या वेळी लाल शाई नको, वाचताना डोळ्यांवर येते.

तुझी,
ताई